कुत्सोनी, ग्वादान्यी, फारिनेल्ली आणि परदेशातल्या टाळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अठराव्या शतकात इटलीबाहेर गाजलेल्या ऑपेरा-गायकांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मनापासून आणि विस्ताराने लिहिलं आहे, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, ही कीर्ती म्हणजे रिकामटेकड्या श्रीमंतांचं वेड होतं. लंडनच्या प्रेक्षकांना इटालियन भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, मग त्यांच्या टाळ्यांना किंमत किती? दोन, बाहेर जाऊन या मंडळींनी पैसा केला, कलेत भर काही घातली नाही. फारिनेल्लीने तर ऐन उमेदीत एका आजारी राजाची करमणूक करण्यात गळा वाया घालवला. तीन, आणि हा सगळ्यात गंभीर, लहान मुलांचं खच्चीकरण करून मिळवलेल्या आवाजांचं कौतुक करायला मन धजावतंच कसं? शेवटी तुम्ही एक छोटा प्रश्नही विचारला आहे, त्याकडे नंतर येते.

वेड होतंच. १७१९ मध्ये लंडनच्या उमरावांनी भागभांडवल उभं करून 'रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक' नावाची ऑपेरा कंपनी काढली. राजा पहिला जॉर्ज याने वर्षाला १,००० पौंड देऊ केले, आणि संगीतकार हँडेलला गायक शोधायला युरोपात पाठवलं गेलं. सेनेसिनो हा सिएनाचा गायक त्याला ड्रेस्डेनच्या दरबारात भेटला आणि १७२० मध्ये लंडनला आला. चारच वर्षांत शहराचा नूर असा पालटला, की कवी जॉन गे याने १७२३ मध्ये आपला मित्र जोनाथन स्विफ्ट याला पत्रातून तक्रार केली : एक चाल दुसरीपासून ओळखता न येणारी माणसंसुद्धा आता हँडेल आणि त्याचा प्रतिस्पर्धी संगीतकार बोनोनचिनी यांच्या शैलींवर रोज वाद घालतात. म्हणजे तुमचा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता, आणि घेणारे भले जाणते लोक होते.

पण वेड सगळ्यांना सारखं लाभत नाही. एका हंगामासाठी आलेले आणि पुढच्या हंगामात कुणाच्या लक्षातही न राहिलेले इटालियन गायक लंडनने कितीतरी पाहिले. खुद्द फारिनेल्लीच्या वाट्याला दोन्ही टोकं आली. १७३४ च्या शरद ऋतूत तो आला तेव्हा थिएटर ओसंडून वाहत होतं, वर्षाचा १,५०० गिनींचा करार आणि वर स्वतःच्या नावाच्या खास प्रयोगाचं उत्पन्न होतं. तीन वर्षांच्या आत त्याच थिएटरात जेमतेम पस्तीस पौंडांची तिकिटं खपलेली असताना तो गाताना आपण पाहिला, असं नट कॉली सिबर लिहून गेला आहे. वेड ओसरलं ते असं. त्यानंतर उरतं काय, हे पाहायला हवं.

भाषेचा मुद्दा घेऊ. लंडनच्या ऑपेरागृहाबाहेर प्रत्येक प्रयोगाचं छापील पुस्तक मिळायचं, एका बाजूला इटालियन आणि समोर इंग्रजी. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातल्या मेणबत्त्या विझवत नसत, त्यामुळे लोक पुस्तक मांडीवर ठेवून गाणं ऐकत. लंडनच्या प्रेक्षकांना लांबलचक संवादगायन सोसत नाही म्हणून ते भाग मुद्दाम आटोपशीर केले जात. ज्याला समजून घ्यायचं होतं त्याची सोय होती. ज्याला नव्हतं, तो मिरवायला आला होता; असे लोक व्हेनिसमध्ये आणि नेपल्समध्येही होतेच, आणि तिथे तर भाषा आपलीच होती.

मला याहून मोलाचा पुरावा वाटतो तो खुद्द स्वरलिपींचा. त्या काळात ऑपेरा लिहिण्याची रीत अशी, की कोण गाणार हे आधी ठरायचं आणि संगीत नंतर लिहिलं जायचं. गायिका बदलली की आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं, बदलायची, पट्टी बदलायची, कधी अख्खं गाणं काढून नवं घातलं जायचं. आवाज कुठे खुलतो, दमसास किती, तान कुठल्या वेगाने स्वच्छ निघते, हे ओळखून संगीतकार ओळी बेतायचे. आरियाचे भाग तीन : पहिला, मग भाव बदलणारा दुसरा, आणि पुन्हा पहिला. तो परत आलेला पहिला भाग जसाच्या तसा गायचा नसे. तिथे गायकाने स्वतःच्या हरकती, ताना, सजावट घालायची, आणि ती कागदावर कुठेच नसे. श्रोता खरा थांबलेला असायचा तो त्या तिसऱ्या भागासाठी. तेव्हा हँडेलने कुणासाठी काय लिहिलं आणि काय मोकळं सोडलं, हे पाहिलं की त्या गळ्याबद्दल त्याचं मत कळतं. हँडेलला उमरावांच्या फॅशनखातर आपले स्वर वाया घालवण्याची हौस नव्हती.

फ्रांचेस्का कुत्सोनीचंच पाहा. पार्माची ही गायिका १७२२ च्या अखेरीस लंडनला आली. जानेवारी १७२३ मध्ये 'ओत्तोने' या ऑपेरात तिचं पहिलं गाणं होतं 'फाल्सा इम्माजिने'. अगदी साधी, संथ चाल. साथीला जवळपास नुसता हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं कळवाद्य) आणि चेलो. तानांची रेलचेल नाही, वाद्यवृंदाची चमक नाही. नव्या शहरात पदार्पण करणाऱ्या नामवंत गायिकेला हे अपमानास्पद वाटलं आणि तिने गायला नकार दिला. हँडेलने तिला खिडकीबाहेर फेकून देण्याची धमकी दिली, अशी हकिकत त्याच्या पहिल्या चरित्रकाराने १७६० मध्ये नोंदवली आहे. धमकीचे शब्द बाजूला ठेवले तरी निष्कर्ष सगळ्यांना मान्य आहे : ती ते गायली, आणि त्या एका गाण्याने तिचं नाव झालं. ज्या गाण्यात लपायला जागाच नाही असं गाणं हँडेलने तिला दिलं, कारण तिच्या स्वराच्या शुद्धतेवर त्याचा भरवसा होता. पुढच्या वर्षी 'जुलिओ चेझारे'मधल्या क्लिओपात्रासाठी त्याने तिला आठ आरिया दिल्या. त्यातली 'पियांजेरो' आजही ऐकून पाहा. लंडनची गॅलरी, जिथे मालकांचे नोकर बसायचे, तिथून एकदा आवाज आला होता की या बाईच्या पोटात बुलबुलांचं घरटं आहे (खरं तर वाक्याची सुरुवात शिवीने होती). ही दाद देणारा माणूस श्रीमंत नव्हता आणि त्याच्या मांडीवर पुस्तकही नसावं.

योहान क्वांत्स हा जर्मन बासरीवादक १७२७ मध्ये लंडनला होता. त्याने कुत्सोनी आणि तिची प्रतिस्पर्धी फाउस्तिना बोर्दोनी, दोघींना ऐकलं आणि तपशिलात लिहून ठेवलं. कुत्सोनीचा आवाज निर्मळ, सूर अचूक, कंप सुंदर, पण रंगमंचावर ती थंड. फाउस्तिनाचा आवाज थोडा खालचा, भेदक. एकाच स्वराचे जलद आघात तिच्या गळ्यातून वाद्यासारखे नेमके निघायचे, आणि अभिनय उत्तम. हे एका व्यावसायिक वादकाने कान देऊन केलेलं परीक्षण आहे. आता हँडेलने १७२६ मध्ये दोघींसाठी लिहिलेला 'अलेस्सांद्रो' उघडा : दोघींना तोलून दिलेली गाणी, आणि प्रत्येकीचं गाणं तिच्या बळावर बेतलेलं. क्वांत्सने कानाने टिपलेलं हँडेलच्या कागदावर आधीच उतरलेलं दिसतं.

या दोघींच्या भांडणाचा तुम्ही "झिंज्या उपटणाऱ्या बायका" असा उल्लेख केला आहे, तिथे मात्र मला थांबवावंच लागेल. ६ जून १७२७ ला बोनोनचिनीच्या 'अस्तियानात्ते'च्या प्रयोगात राजकुमारी कॅरोलाइनसमोर दंगा झाला, हे खरं. तो दंगा प्रेक्षकांतल्या दोन गटांनी केला. शिट्ट्या, आरडाओरडा, हुर्यो. दोघी गायिका रंगमंचावर एकमेकींच्या अंगावर गेल्या हे चित्र नंतर निघालेल्या चुरचुरीत पत्रकांनी रंगवलं, आणि पुढच्या वर्षी आलेल्या 'बेगर्स ऑपेरा' या इंग्रजी विडंबन-नाटकाने दोन बायकांचं भांडण रंगमंचावर आणून ते पक्कं केलं. वस्तुस्थिती अशी की पुढच्या हंगामात दोघी त्याच कंपनीत, त्याच रंगमंचावर, 'रिकार्दो प्रिमो', 'सिरोए' आणि 'तोलोमेओ' अशा हँडेलच्या तीन नव्या ऑपेरांत एकत्र गायल्या. गंमत उमरावांनी केली आणि बदनामी दोन कष्टाळू बायकांच्या नावावर जमा झाली, ती तीनशे वर्षं उतरलेली नाही. याचा मला मनापासून राग येतो.

परदेशात मिळालेलं यश टिकतंच असं नाही, हेही या दोघींकडेच पाहून कळतं. फाउस्तिनाने १७३० मध्ये संगीतकार हास्सेशी लग्न केलं, १७३१ मध्ये ड्रेस्डेनला 'क्लेओफिदे'मधून दोघं गाजले आणि पुढची वीस वर्षं त्या दरबाराच्या संगीताचा ती कणा राहिली. कुत्सोनी मात्र १७५० मध्ये लंडनला परतली ती कर्जबाजारी होऊन. अवघ्या तीस पौंडांसाठी तिला अटक झाली. १७५१ मध्ये तिने शेवटचा खास प्रयोग जाहीर केला तेव्हा आपली देणी फेडण्यासाठी हा खटाटोप आहे, असं तिने जाहीर निवेदनातच लिहिलं. बोलोन्यामध्ये ती हलाखीत गेली. बटणं करून पोट भरायची, असं सांगतात.

आता "कलेत भर घातली नाही" याबद्दल. याला मी एकाच माणसाची गोष्ट सांगते, कारण मूळ लेखात त्याच्या वाट्याला एकच परिच्छेद आला होता. गाएतानो ग्वादान्यी, लोदीचा. १७४८ मध्ये, विशीत, विनोदी ऑपेरा करणाऱ्या एका मंडळीबरोबर तो लंडनला आला. संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी त्याला तेव्हापासून ओळखत होता आणि त्याच्या मते हा तेव्हा निष्काळजी, बेशिस्त गायक होता. हँडेलच्या कानाला मात्र त्याच्यात काहीतरी दिसलं. 'मेसाया'मधलं 'बट हू मे अबाइड' हे गाणं हँडेलने १७५० मध्ये ग्वादान्यीसाठी नव्याने लिहिलं, आणि आज जगभर गायलं जातं ते बहुतेक तेच रूप. त्याच वर्षी 'थिओडोरा'मध्ये त्याला डिडिमसची भूमिका दिली. दोन्ही इंग्रजीत. म्हणजे इटालियन गायक परक्या भाषेत गायला शिकला आणि हँडेलच्या दोन थोर कृतींवर त्याच्या गळ्याची छाप राहिली.

याहून महत्त्वाचं पुढे घडलं. १७५५ मध्ये डेव्हिड गॅरिकच्या थिएटरात 'द फेअरीज' या इंग्रजी ऑपेरात काम करताना गॅरिकने त्याला अभिनय शिकवला. गॅरिक हा त्या काळचा सगळ्यात मोठा इंग्रज नट. ठरीव हातवारे सोडून माणसासारखं वागणं, दुसरं पात्र बोलत असताना ऐकणं, प्रसंगातून बाहेर न पडणं, हे त्याचं शास्त्र. इटालियन गायकाची सवय याच्या अगदी उलट : आरिया संपली की पुढे यायचं, मुजरा करायचा, टाळ्या घ्यायच्या, वन्समोअर आला की पुन्हा गायचं. ग्वादान्यी लंडनमध्ये जे शिकला ते घेऊन व्हिएन्नाला गेला, आणि ५ ऑक्टोबर १७६२ ला संगीतकार ग्लुकच्या 'ओर्फेओ एद एउरिदिचे'मध्ये पहिला ओर्फेओ झाला. या ऑपेराची सुरुवात आठवा. पडदा उघडतो तेव्हा एउरिदिचेच्या समाधीपाशी समूह शोक करतो आहे, आणि नायक काय गातो? फक्त तिचं नाव, तीन वेळा. युरोपातल्या नामांकित गायकाला प्रवेशाची आरिया नाही, तान नाही, तीन हाका आहेत फक्त. असं लिहिण्याचं धाडस ग्लुकला झालं कारण ते पेलणारा नट-गायक त्याच्यासमोर उभा होता. ऑपेराच्या सुधारणेचं श्रेय आपण ग्लुक आणि त्याचा संहिताकार काल्त्साबिजी यांना देतो आणि ते योग्यच आहे. पण ग्वादान्यी लंडनला गेला नसता तर तो ओर्फेओ तसा उभा राहिला असता, असं मला वाटत नाही.

आणि याची किंमत त्याने मोजली. १७६९ नंतर तो पुन्हा लंडनला गायला आला तेव्हा टाळ्या पडल्या तरी प्रसंग सोडून वाकून नमस्कार करीना, वन्समोअर देईना. त्याच लंडनकरांनी त्याची हुर्यो उडवली. बर्नीने हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. निव्वळ टाळ्यांसाठी परदेशी गेलेला माणूस असं वागत नाही.

फारिनेल्लीबद्दल थोडक्यात. १७३७ मध्ये तो माद्रिदला गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्यानंतर जाहीर रंगमंचावर कधी गायला नाही, हे खरं. औदासीन्याने खचलेल्या स्पेनच्या राजा पाचव्या फेलिपेसमोर रोज रात्री तीच चार गाणी दहा वर्षं गायला, ही कथा बर्नीमुळे पसरली. फारिनेल्लीची स्वतःची पत्रं उपलब्ध आहेत. १७३८ च्या एका पत्रात तो रोज रात्री आठ-नऊ आरिया गाव्या लागतात, विश्रांती म्हणून नाही, असं लिहितो. म्हणजे काम जास्त कष्टाचं होतं आणि तितकं एकसुरीही नव्हतं. राजा १७४६ मध्ये वारला. त्यानंतर सहावा फेर्नांदो आणि राणी बार्बारा यांच्या काळात फारिनेल्लीने माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्याचं थिएटर चालवलं : संहिता त्याचा जिवलग मित्र मेतास्तासिओकडून, गायक इटलीतून, नेपथ्य, दिवे, प्रवासखर्च, राहण्याची व्यवस्था सगळं त्याच्या देखरेखीखाली. शिस्त इतकी कडक की मिंगोत्ती या गायिकेला रस्त्याकडेच्या खोलीत रियाज करायचीसुद्धा परवानगी नव्हती. आरांख्वेसला ताहो नदीवर राजाच्या होड्यांचा ताफा आणि त्यावर संगीत, हेही त्याच्याच अखत्यारीत. १७५८ मध्ये या सगळ्याचं सविस्तर हस्तलिखित त्याने तयार केलं. गळा वाया गेला असं म्हणणं म्हणजे स्वतः रंगमंचावर उभं राहणं एवढंच काम मोजणं. पुढचा राजा तिसरा कार्लोस याने १७५९ मध्ये त्याला निरोप दिला तेव्हा तो बोलोन्याला निघून गेला आणि १७८२ पर्यंत तिथेच राहिला.

आता तुमचा तिसरा आक्षेप. यावर मला सावकाश लिहायचं आहे.

सेनेसिनो, फारिनेल्ली, ग्वादान्यी हे तिघेही कास्त्रातो, म्हणजे खच्ची केलेले गायक, होते; आवाज फुटण्याआधी, कोवळ्या वयात, त्यांच्यावर ती शस्त्रक्रिया झाली होती. ती बेकायदा होती आणि चर्चने निषिद्ध ठरवली होती. तरीही चर्चच्या गायकवृंदांत बायकांना जागा नव्हती, पोपच्या राज्यात त्यांना रंगमंचावरही बंदी होती, त्यामुळे वरच्या पट्टीतल्या पुरुष आवाजांची सर्वात मोठी मागणी चर्चचीच होती. रोममध्ये कोवळ्या वयाचा फारिनेल्ली स्त्रीभूमिका करायचा तो याच बंदीमुळे. १७७० मध्ये बर्नी इटलीभर विचारत फिरला की हे नेमकं होतं कुठे. मिलानने व्हेनिसकडे बोट दाखवलं, व्हेनिसने बोलोन्याकडे, बोलोन्याने फ्लॉरेन्सकडे, फ्लॉरेन्सने रोमकडे, रोमने नेपल्सकडे. सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांना हवं, आणि कुणाच्याच गावात झालेलं नाही. घरच्यांनी कारणंही तयार ठेवलेली असत : मूल घोड्यावरून पडलं, रानडुकराने चावा घेतला. फारिनेल्लीच्या बाबतीतही घोड्याचीच कथा सांगितली गेली.

नेपल्सच्या चार कॉन्झर्व्हातोरिओ, म्हणजे संगीतशाळा, मुळात अनाथ मुलांचे आश्रम होते. त्यांतल्या सांत'ओनोफ्रिओमध्ये बर्नी गेला तेव्हा एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड, शिवाय व्हायोलिन आणि गळे, सगळे आपापला धडा एकाच वेळी घोकत होते. वरच्या मजल्यावर सोळा कास्त्राती मुलं वेगळी झोपत. त्यांच्या खोल्या इतरांपेक्षा उबदार होत्या, सर्दीने आवाज बिघडू नये म्हणून. ती ऊब मुलांची काळजी घेणारी नव्हती, मालाची काळजी घेणारी होती. त्या सोळांपैकी किती जणांचा आवाज पुढे टिकला आणि किती जण कुठल्या गावातल्या चर्चच्या कोपऱ्यात उरलेलं आयुष्य गायले, हे कुठल्याही संगीत-इतिहासात नाही. माझ्या लेखात फक्त नावारूपाला आलेले आहेत, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि लेखाचा विषयच परदेशातली कीर्ती असल्याने ते अपरिहार्यही होतं.

पण यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष, की यांच्या गाण्याबद्दल आदराने बोलूच नये, तो मला मान्य नाही. त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. जे झालं ते बाप, भाऊ, गुरू, धर्मगुरू यांनी ठरवलं. त्यानंतरची दहा वर्षं रोज पहाटेपासून केलेला रियाज मात्र त्यांचा होता. सुऱ्याने आवाज फुटायचा थांबतो. त्याने सूर लागत नाही, दमसास येत नाही, ओर्फेओच्या तीन हाका मारता येत नाहीत. त्यांच्या गाण्याची दाद त्या सुऱ्याच्या खात्यात टाकली तर त्या माणसांकडे स्वतःचं म्हणून जे काही होतं तेही आपण काढून घेतो. लंडनच्या व्यंगचित्रकारांनी आणि पत्रककारांनी हयातभर त्यांच्या शरीरावरच बोट ठेवलं. मला त्यांच्या कामाबद्दल लिहायचं आहे, आणि अन्यायाबद्दलही, दोन्ही एकाच लेखात. पोपच्या सिस्टिन चॅपेलमधला कास्त्रातो अलेस्सांद्रो मोरेस्की १९०२ आणि १९०४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. ती मुद्रणं आज सहज मिळतात. तंत्र जुनं, आवाज खरखरीत, शैली एकोणिसाव्या शतकाची, त्यामुळे फारिनेल्ली असाच गात असेल असं समजू नका. तरी ऐका.

राहिला तुमचा छोटा प्रश्न : साध्या पुरुषी आवाजाचे इटालियन गायक बाहेर गाजलेच नाहीत का? गाजले. बोरोझिनी या टेनरसाठी (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) हँडेलने 'तामेर्लानो'मधली बायाझेतची भूमिका घडवली, १७२४ मध्ये; टेनरला असं वजन मिळणं तेव्हा दुर्मीळ होतं. मोंतान्याना या बासचा, म्हणजे खर्जातल्या गायकाचा, आवाज इतका प्रशस्त, की १७३३ च्या 'ओर्लांदो'त त्याच्यासाठी जादूगार झोरोआस्त्रो लिहिला गेला. आणि शतक सरत आलं तेव्हा व्हिएन्नामध्ये फ्रांचेस्को बेनुच्ची होता, मोत्सार्टच्या ऑपेरातला १७८६ चा पहिला फिगारो. त्याच प्रयोगात गाणाऱ्या मायकेल केलीने आठवणींत लिहिलं आहे, की तालमीत बेनुच्ची 'नोन प्यू आन्द्राय' गात होता आणि शेजारी उभा मोत्सार्ट दबक्या आवाजात "ब्राव्हो, ब्राव्हो बेनुच्ची" म्हणत होता. पुढचा लेख बेनुच्चीवर लिहायला घेतला आहे. त्यावरही असंच सडेतोड लिहा.